गुलाम बाळगणाऱ्यांची नावं शाळांना असावीत का? (व्हर्जिनिया आणि इतरत्र)

रानजाई

आमच्या नॉर्दर्न व्हर्जिनियात शाळांची नावं बदलण्याचं सत्र गेली काही वर्षं चालू आहे. दर वेळी इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी होते, कोणीतरी रागाने ग्रुप सोडतं आणि गणपतीच्या जेवणाचा मेनू ठरवायची वेळ आली की परत येतं. तिथे धड बोलणं होत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: फेअरफॅक्स काउंटीतलं जे. ई. बी. स्टुअर्ट हायस्कूल २०१८ मध्ये जस्टिस हायस्कूल झालं. रॉबर्ट ई. ली हायस्कूलला २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचं नाव मिळालं. शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये वॉशिंग्टन-ली होतं, ते २०१९ मध्ये वॉशिंग्टन-लिबर्टी झालं. ली गेले, वॉशिंग्टन राहिले, आणि जर्सीवरची डब्ल्यू-एल ही अक्षरंही वाचली. स्टुअर्ट आणि ली हे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे सेनानी. त्यांची नावं गेली याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

माझी गाडी अडते ती फॉल्स चर्च या गावाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने एकमताने दोन नावं काढायचं ठरवलं, जॉर्ज मेसन हायस्कूल आणि थॉमस जेफरसन एलिमेंटरी. आता त्या मेरिडियन हायस्कूल आणि ओक स्ट्रीट एलिमेंटरी आहेत. जेफरसन म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक. आयुष्यभरात त्यांच्या मालकीची सहाशेहून जास्त माणसं होती. मेसन यांनी १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, तेही गुलामांचे मालक.

माझं मत असं, की माणूस कोण होता याआधी ते नाव कधी दिलं आणि कशासाठी दिलं हे बघावं. ली हायस्कूल सुरू झालं १९५८ मध्ये, स्टुअर्ट १९५९ मध्ये. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या आणि व्हर्जिनिया सरकारने तो निकाल हाणून पाडायचा चंग बांधला होता. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र शाळा चालवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या! अशा दिवसांत नव्या कोऱ्या शाळेला लीचं नाव देणं म्हणजे कृष्णवर्णीय मुलांना दारातच दिलेला दम होता. जेफरसनचं नाव त्या हेतूने दिलेलं नसतं. म्हणून स्टुअर्ट-ली जावेत, जेफरसन-मेसन राहावेत.

तुम्हाला काय वाटतं? शिवीगाळ नको.

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठ

रानजाई, नीट मांडलंत. मी नाशिकला असतो, मुलगा मेरीलँडला, त्यामुळे वर्षाआड तिकडे फेरी असते. माझं म्हणणं सरळ आहे. आजच्या फूटपट्टीने अडीचशे वर्षांपूर्वीची माणसं मोजू नयेत. त्या काळच्या व्हर्जिनियात जमीनदार म्हटला की गुलाम आलेच. आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी आणि बटकी होत्याच की, त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी दप्तरात आहेत. मग पुण्यातल्या किती पाट्या उतरवायच्या? या न्यायाने सगळ्या शाळांना नंबरच द्यावे लागतील.

मोडक_तोडक

काका, नंबर दिले तरी कोणीतरी म्हणेल १३ अशुभ.

शेवग्याची_शेंग

गोदाकाठ काका, आदर राखून असहमत. "तेव्हा असंच चालायचं" हे वाक्य मी कायम मालकांच्या बाजूनेच ऐकते. गुलामही त्याच काळातली माणसं होती. गुलामगिरी वाईट आहे हे त्यांना कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं.

बरं, मालकांचंच बघू. १७८२ मध्ये व्हर्जिनियात कायदा झाला आणि गुलाम मुक्त करणं सोपं झालं. रॉबर्ट कार्टर नावाचा बडा जमीनदार होता. १७९१ मध्ये त्याने दस्तऐवज करून साडेचारशेहून अधिक माणसं टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतली. नातेवाईक आणि शेजारी खवळले, शेवटी तो व्हर्जिनिया सोडून बाल्टिमोरला गेला. म्हणजे त्या काळात, त्या राज्यात, त्याच वर्गातल्या माणसाला हे जमलं. जेफरसन त्याचेच समकालीन.

वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले तेव्हा माउंट व्हर्ननला, म्हणजे त्यांच्या इस्टेटीवर, ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, त्यांना मृत्युपत्राने मुक्त केलं. उशिरा का होईना, केलं. मेसनची तर कमाल आहे. १७८७ च्या घटना परिषदेत हाच गृहस्थ उठून म्हणाला, की गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी राजा असतो. आणि घरी गन्स्टन हॉलला स्वतःचे गुलाम तसेच! मृत्युपत्रातही सोडले नाहीत. त्याला काय बरोबर ते कळत नव्हतं, असं म्हणायची सोय त्यानेच ठेवलेली नाही.

रानजाई, तुझा "कधी आणि कशासाठी" हा मुद्दा ली-स्टुअर्टला चपखल बसतो, पण त्याने जेफरसन आपोआप सुटत नाहीत. जेफरसन १८२६ मध्ये कर्जात बुडून वारले. पुढच्या जानेवारीत मॉंटिचेलोला, म्हणजे त्यांच्या इस्टेटीवर, लिलाव मांडला आणि १३० माणसं विक्रीला काढली. त्यांचा लोहार जोसेफ फॉसेट मृत्युपत्राने मुक्त होणार होता, पण त्याची बायको आणि पोरं विकली गेली. बायको इडिथ ही जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात फ्रेंच पद्धतीचं रांधायला शिकलेली. मुलगा पीटर तेव्हा ११ वर्षांचा. नव्या मालकाने त्याला बजावलं, हातात पुस्तक दिसलं तर चाबूक. पोरगा चोरून शिकला. पुढे इतर गुलामांना पळून जायला परवाने लिहून देऊ लागला. लोहार बाप पैसे जमवून एकेकाला सोडवत राहिला.

पुस्तक धरलं म्हणून ज्या पोराला चाबकाची भीती घातली, त्याला ज्याच्या इस्टेटीतून विकलं त्या माणसाचं नाव शाळेला. ग्रंथालयाला, विमानतळाला, हमरस्त्याला द्या, मी फार वाद घालणार नाही. शाळेच्या बाबतीत मला ते टोचतं.

गोदाकाठ

कार्टरचं मला माहीत नव्हतं. वाचतो. पण जाहीरनामा लिहिला नसता तर गुलामगिरीविरुद्ध बोलायला शब्द कुठून मिळाले असते, याचंही उत्तर द्या. गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसपासून मार्टिन ल्यूथर किंगपर्यंत सगळ्यांनी त्याच वाक्यांचा दाखला दिला.

शेवग्याची_शेंग

दिला, कबूल. वाक्य शिकवाच ना, वर्गात भिंतीवर लावा. सोबत हेही शिकवा, की मेसनच्या त्या व्हर्जिनिया जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सर्व माणसं जन्मतः समान स्वतंत्र" असं होतं, तेव्हा सभेतले जमीनदार बिथरले आणि "समाजात प्रवेश केल्यावर" अशी पाचर मारून घेतली, म्हणजे गुलाम त्यातून बाहेर. ही पाचर मला शाळेत कोणी सांगितली नव्हती.

बे_एरियातला_बंड्या

मंडळी, नावं बदलायच्या मी विरोधात नाही, पण हे काम किती गचाळ करता येतं ते सॅन फ्रान्सिस्कोकडून शिका.

जानेवारी २०२१. कोविडमुळे सरकारी शाळा जवळजवळ वर्षभर बंद, पोरं घरात लॅपटॉपसमोर. आणि स्कूल बोर्ड ६ विरुद्ध १ मतांनी ठरवतं, की ४४ शाळांची नावं बदलायची! वॉशिंग्टन, जेफरसन ठीक, समजू शकतो. यादीत लिंकन. होय, तेच लिंकन. कारण मूळ रहिवाशांबद्दलचं त्यांचं धोरण, १८६२ मध्ये डकोटा जमातीच्या ३८ जणांना झालेली फाशी. यादीत सेनेटर डायॅन फाइनस्टाइन, त्या तेव्हा हयात होत्या.

पुढे ऐका. स्वातंत्र्ययुद्धातला नायक पॉल रिव्हिअर, त्याला काढलं ते १७७९ च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेमुळे. समितीला वाटलं पेनॉब्स्कॉट लोकांची जमीन लुबाडायला गेला होता. प्रत्यक्षात ती मोहीम ब्रिटिशांच्या किल्ल्यावर होती. रूझवेल्ट शाळा नक्की कुठल्या रूझवेल्टच्या नावाची, हेही धड ठरवलं नव्हतं. आधार म्हणून बऱ्याच ठिकाणी विकिपीडिया. इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारायची गरजच वाटली नाही कोणाला. नववीतल्या पोराने असा प्रोजेक्ट दिला असता तर बाईंनी परत पाठवला असता.

एप्रिलमध्ये अख्खा ठराव मागे घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी बोर्डाच्या तिघांना घरी पाठवलं, प्रत्येकाच्या विरोधात दोन तृतीयांशाहून जास्त मतं. आमच्याकडचे देशी पालक एरवी स्कूल बोर्डाच्या निवडणुकीकडे ढुंकून बघत नाहीत, तेही त्या दिवशी मतदानाला गेले. अर्थात राग फक्त नावांचा नव्हता, शाळा उघडत नव्हत्या, गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या लोवेल हायस्कूलचे प्रवेश बदलले होते, सगळंच साचलं होतं.

नुकसान असं झालं, की ज्या दोन-चार नावांवर खरंच बोलायला हवं होतं तीही त्या गोंधळात वाहून गेली.

अवांतर: तिथल्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये व्हिक्टर अर्नॉटॉफ या चित्रकाराने १९३६ मध्ये भिंतभर चित्रं काढली आहेत. त्यात वॉशिंग्टनच्या शेतावर राबणारे गुलाम आणि जमिनीवर पडलेला मूळ रहिवाशाचा मृतदेह मुद्दाम दाखवलाय. चित्रकार कम्युनिस्ट होता, त्याला वॉशिंग्टनची आरती ओवाळायची नव्हती. २०१९ मध्ये बोर्डाने तीच चित्रं रंग फासून बुजवायचं ठरवलं, कारण विद्यार्थ्यांना बघून त्रास होतो. पुढे आधी झाकायचं ठरलं, मग नव्या बोर्डाने तेही रद्द केलं. नाव गौरवाचं आणि भिंत पापाची कबुली देणारी, आणि आधी हात घातला तो भिंतीला!

शेवग्याची_शेंग

बंड्या, प्रतिसाद फर्मास. चित्रांच्या बाबतीत पूर्ण सहमत.

वऱ्हाडी_ठेचा

आपल्याला एक कळत नाही राव. पाटी बदलली की गणिताचे मार्क वाढतात का? जिमच्या फरशीवरचा लोगो खरवडा, बँडचे युनिफॉर्म नवे, स्कोअरबोर्ड नवा, लेटरहेड नवं. पैसा लागतो ना? तोच ट्यूटरना द्या. कृष्णवर्णीय पोरांच्या शाळा गरीब त्या गरीबच राहिल्या आणि बोर्डाने पाटी बदलून पुण्य पदरात पाडून घेतलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रानजाई

ठेचा, पैशाचा मुद्दा खोटा नाही. पण पाटीने काही फरक पडत नाही असं असेल, तर ती बदलली म्हणून इतक्या लोकांच्या पोटात का दुखतं? शेनान्डोआ काउंटीचं उदाहरण घ्या, आमच्यापासून गाडीने दीड-दोन तास. २०२० मध्ये तिथे स्टोनवॉल जॅक्सन (हाही दक्षिणेचा सेनानी) हायस्कूलचं माउंटन व्ह्यू केलं आणि ॲशबी-ली एलिमेंटरीचं हनी रन. मग लोकांनी निवडणुकीत बोर्डच बदललं आणि मे २०२४ मध्ये ५ विरुद्ध १ मतांनी जुनी नावं परत आणली. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची संघटना आणि काही विद्यार्थी कोर्टात गेले. जर्सीवर स्टोनवॉल जॅक्सन लिहून मैदानात उतरायला लागणं हा कृष्णवर्णीय खेळाडूच्या तोंडी जबरदस्तीने घातलेला संदेश आहे, असं त्यांचं म्हणणं. पाट्या बदलायचा खटाटोप त्यांनी दोनदा केला.

मोडक_तोडक

मग आपल्याकडे औरंगाबादचं संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं त्यावर काय म्हणणं आहे? तिथे चालतं आणि इथे नाही?

संपादक मंडळ

भारतातल्या शहरांच्या नामांतरावर आधीच तीन धागे धगधगत आहेत. ती चर्चा तिकडे. इथे शाळा आणि गुलामगिरी एवढ्यावरच बोलावे. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

कट्टेकरी

पॉपकॉर्न संपले.

नलिनीताई

संपादकांची परवानगी गृहीत धरून, महाराष्ट्राचा अगदी थेट संबंध सांगते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यात त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडच्या लढ्यात आपला लढा दिसत होता. तेव्हा "आपल्याला काय त्याचं" असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. व्हॉट्सॲपवर मी हे ढीगभर वेळा वाचलंय, की ही गोऱ्या-काळ्यांची भांडणं, आपण पाहुणे, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजा. पाहुणे कसले? तुमची मुलं त्या शाळांत शिकतात, तुम्ही तिथे कर भरता.

दुसरं, देणगीदाराचं पाप किती पिढ्या मोजायचं हा प्रश्न आपल्या मुंबईलाही आहे. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दातृत्वाबद्दल कोणी शंका घेणार नाही, पण त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग माळव्याची अफू चीनला पाठवून आलेला. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद १८६१ ते १८६५ च्या कापसाच्या तेजीत गडगंज झाले. ती तेजी का आली? युद्धामुळे अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला म्हणून. मी जे. जे.ची पाटी काढा म्हणत नाही. मी स्वतः तिथे नोकरी केली आहे. पण तिथल्या विद्यार्थ्यांना अफूचं माहीत असावं, एवढं नक्की म्हणते.

गोदाकाठ

नलिनीताई, हे मात्र पटलं. पाटी राहू द्या, खाली खरं लिहा.

शेवग्याची_शेंग

काका, खाली लिहिलेलं कोण वाचतं? येल विद्यापीठाचं बघा. एलिहू येल हे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे गव्हर्नर, १६८७ ते १६९२. त्यांच्या कारकिर्दीत मद्रासहून माणसं गुलाम म्हणून जहाजात चढवली गेली, आपल्याच किनाऱ्यावरची माणसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल जाहीर माफी मागितली. नाव अर्थातच येलच. २०१७ मध्ये त्यांनी गुलामगिरीचा कट्टर समर्थक कॅलहून याच्या नावाच्या कॉलेजला संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं नाव मात्र दिलं. ब्रँड जेवढा मोठा तेवढं नाव चिवट, असं मला वाटायला लागलंय.

टीजेचा_बाप

ब्रँडवरून आठवलं. फेअरफॅक्समधलं थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. आपली मंडळी त्यासाठी पोरांना सहावीपासून क्लास लावतात. २०२० मध्ये काउंटीने प्रवेश परीक्षा काढून टाकली, तेव्हा आशियाई पालक कोर्टात गेले, प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने ते ऐकायला नकार दिला. एवढ्या वर्षांच्या लढाईत आमच्या ग्रुपवर जेफरसन कोण, हा विषय कधी निघाला नाही. सगळे टीजेच म्हणतात. माझ्या मुलाला मी शेंगताईंचा फॉसेटचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, बाबा हे आम्हाला शिकवलंय, सॅली हेमिंग्जबद्दलही (जेफरसनच्या गुलाम, त्यांच्या मुलांची आई) शिकवलंय, तुम्हालाच माहीत नाही. मग विचारलं, नाव बदलावं का? म्हणाला, बदललं तर कॉलेजवाल्यांना शाळा ओळखू येईल का?

वऱ्हाडी_ठेचा

पोरगं हुशार आहे. टीजेचंच शोभतं.

मिसिसिपीकाठी

उशिरा आलो. सगळे व्हर्जिनिया-कॅलिफोर्नियात अडकलेत, म्हणून न्यू ऑर्लीन्सचं सांगतो. मी इथे नोकरीनिमित्त आलो आणि राहिलो. हा वाद इथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात वेगळ्या रीतीने झालाय.

१९९२ मध्येच इथल्या स्कूल बोर्डाने नियम केला, की गुलामांचे मालक किंवा समान संधी न मानणारे यांची नावं शाळांना नकोत. १९९७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन एलिमेंटरीचं नाव बदलून डॉ. चार्ल्स ड्रू यांचं दिलं. रक्तपेढ्यांचा पाया घालणारा कृष्णवर्णीय सर्जन. तेव्हा देशभर बोंब झाली होती, राष्ट्रपित्याला काढलं म्हणून. बोर्डात आणि शाळांत कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या पोरांनी कोणाच्या नावाने शाळेत जायचं हे आम्ही ठरवू.

पण खरी गंमत मॅकडोनाची. जॉन मॅकडोना हा इथला गडगंज कंजूष, १८५० मध्ये वारला. बायको-पोरं नाहीत. सगळी इस्टेट न्यू ऑर्लीन्स आणि बाल्टिमोर या दोन शहरांना, गरीब मुलांच्या मोफत शाळांसाठी, आणि मृत्युपत्रात चक्क सर्व वर्णांच्या मुलांसाठी असं लिहिलेलं. त्या पैशातून इथे तीसहून जास्त शाळा निघाल्या, मॅकडोना १, मॅकडोना २ असं करत. (मोडक_तोडक, नंबर दिलेल्या शाळा खरंच होत्या बघा.) पैसा कुठला? जमिनी आणि गुलामांची मेहनत. त्याची एक योजना होती. गुलामांनी शनिवारी जादा काम करायचं, त्याची मजुरी खात्यात जमा, आणि सुमारे पंधरा वर्षांनी स्वतःला विकत घ्यायचं. १८४२ मध्ये अशा ऐंशीएक लोकांना जहाजात बसवून लायबेरियाला पाठवलं. म्हणजे त्यांच्याच घामाची त्यांनाच विक्री, वर देशाबाहेर रवानगी. काही इतिहासकार त्याला उदार म्हणतात. मला तो पक्का हिशेबी वाटतो.

त्याची शेवटची इच्छा होती, मुलांनी अधूनमधून माझ्या थडग्यावर फुलं लावावीत. त्यातून प्रथा पडली मॅकडोना दिनाची. दरवर्षी मे महिन्यात सगळ्या सरकारी शाळांची मुलं लाफायेट चौकातल्या त्याच्या पुतळ्यापाशी येऊन फुलं वाहायची आणि त्याचं गाणं म्हणायची. आधी गोऱ्या शाळांची मुलं एकेक करून. त्यांचं पुरतं आटपेपर्यंत कृष्णवर्णीय मुलं हातात फुलं घेऊन उन्हात ताटकळत उभी. इथला मे म्हणजे काय ते चिपळूणकरांना कळेल. मग १९५४ मध्ये कृष्णवर्णीय शिक्षक, पालक आणि एनएएसीपी यांनी बहिष्कार घातला. ७ मे रोजी त्यांच्या शाळांमधून जवळपास कोणी फिरकलंच नाही. दहा दिवसांनी सुप्रीम कोर्टाचा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा तो ब्राउन निकाल आला.

त्यांनी तेव्हा नावाला हात लावला नाही, रांगेला लावला. १४ नोव्हेंबर १९६० ला लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रिव्होस्ट या सहा वर्षांच्या तीन कृष्णवर्णीय मुली तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मॅकडोना १९ मध्ये पहिलीत गेल्या, बरोबर सरकारी मार्शल. त्याच दिवशी त्यांच्याच वयाची रुबी ब्रिजेस एकटी गोऱ्यांच्या विल्यम फ्रॅन्ट्झ शाळेत गेली, तिचं सगळ्यांना माहीत असतं. मॅकडोना १९ मधली गोरी मुलं पालकांनी भराभर काढून नेली आणि या तिघीच उरल्या. खिडक्यांना कागद चिकटवलेले, बाहेरच्या जमावाला आतलं दिसू नये म्हणून. पुढे त्या शाळेला जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचं नाव दिलं. नंतर ती बंद पडली. लिओना टेट यांनी मोठेपणी मागे लागून ती इमारतच मिळवली. २०२२ पासून ती टेट, एटिएन आणि प्रिव्होस्ट या तिघींच्या नावाचं केंद्र आहे, आणि वरच्या भागात ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं.

जून २०२० मध्ये मॅकडोनाचा एक अर्धपुतळा लोकांनी उखडून मिसिसिपीत टाकला. त्यानंतर बोर्डाने नावं बदलायची दुसरी मोठी फेरी काढली.

रानजाई

मिसिसिपीकाठी, धाग्याचं सार्थक झालं. उन्हातल्या रांगेचं मला बिलकुल माहीत नव्हतं.

माझं मूळ मत अजून बरंचसं तेच आहे, नाव कधी आणि कशासाठी दिलं ते आधी बघा. पण त्यात आता आणखी एक घालते. त्या नावाखाली कोणाला काय सोसावं लागलं आणि आज तिथे शिकणाऱ्यांना काय वाटतं, हे बंड्याच्या बोर्डासारखं समितीत बसून विकिपीडियावरून ठरत नाही. फॉल्स चर्चला निदान महिनोन्महिने सुनावण्या झाल्या, सर्व्हे झाला. त्या गावात मेरी एलन हेंडरसन यांच्या नावाची मिडल स्कूल आधीपासून होती. वेगळ्या शाळांच्या काळात तिथल्या दोन खोल्यांच्या कृष्णवर्णीय शाळेत त्या शिकवायच्या. त्या नावावर कोणी भांडल्याचं ऐकलं नाही. मेसन गेले तर गेले, पण "मेरिडियन" काय? ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. भांडण नको म्हणून घेतलेलं नाव वाटतं. त्यापेक्षा जस्टिस हायस्कूलवाल्यांनी निदान थर्गूड मार्शल (१९५४ चा तो खटला लढवणारे वकील, पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश) आणि बार्बरा जॉन्स यांना डोळ्यांसमोर ठेवून नाव घेतलं. बार्बरा जॉन्स म्हणजे १६ व्या वर्षी, १९५१ मध्ये, गळक्या शाळेविरुद्ध अख्खी शाळा संपावर नेणारी मुलगी, तीही त्याच प्रिन्स एडवर्ड काउंटीतली.

बे_एरियातला_बंड्या

मेरिडियन, माउंटन व्ह्यू, ओक स्ट्रीट. सगळी नावं बिल्डरच्या स्कीमसारखी. पुढची शाळा "लेक व्ह्यू फेज टू".

गोदाकाठ

हाहा. मिसिसिपीकाठी, एक शंका. त्या नंबरवाल्या मॅकडोना शाळांची नावं सगळीच गेली का?

मिसिसिपीकाठी

नाही काका, आणि तिथेच खरी पंचाईत आहे. मॅकडोना ३५ अजून आहे. १९०० मध्ये इथल्या बोर्डाने कृष्णवर्णीय मुलांचं सरकारी शिक्षण पाचवीवर तोडलं होतं. पुढे शिकायचं तर पैसे मोजा. १९१७ मध्ये लोकांनी झगडून पहिली सरकारी हायस्कूल मिळवली, ती मॅकडोना ३५. शहरातले कृष्णवर्णीय न्यायाधीश, डॉक्टर, शिक्षक, पुढारी पिढ्यान्पिढ्या तिथून निघाले. आजी, आई, नात एकाच शाळेच्या. त्यांच्या तोंडी मॅकडोना कधी नसतोच, नुसतं "थर्टी-फाइव्ह". माझ्या ऑफिसातल्या एक बाई तिथल्या. १९५४ च्या बहिष्कारात त्यांची आई होती, आणि त्या मॅकडोनाला शिव्याच देतात. पण शाळेचं नाव बदलायचं म्हटलं की अंगावर येतात. त्यांचं म्हणणं, त्या म्हाताऱ्याने फक्त पैसे दिले, नाव आम्ही कमावलं.

कट्टेकरी

म्हणजे १९ चं गेलं ते बरोबर आणि ३५ चं राहिलं तेही बरोबर?

मिसिसिपीकाठी

हो. दोन्ही ठिकाणी ज्यांची शाळा त्यांचंच चाललं. १९ ची इमारत त्या तिघींची झाली, ३५ माजी विद्यार्थ्यांची आहे. बोर्डाने १९९२ चा नियम काटेकोर लावायचा म्हटला तर ३५ चं नाव एका मीटिंगमध्ये जाईल, पण त्या मीटिंगला या बाई आणि त्यांच्या बॅचच्या सगळ्या जणी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील, आणि त्यांच्यासमोर तो ठराव मांडायची माझी तरी छाती नाही.